सेक्शन ए-ए

मोरितासाहेबांनी काढलेलं ड्रॉइंग
अजून आहे माझ्याकडं,
मोल्डिंग मशीनच्या कॅटलॉगात घडी घालून ठेवलेलं.
एक्क्याण्णव साल, शिरोलीचा कारखाना.
माझ्या डब्यातल्या तांबड्या रश्श्यानं
डोळ्यांना धार लागलेला तो माणूस
खुणेनं म्हणाला, पेन्सिल दे.

आधी एक आयत. हॅम, जाडी चार मिलिमीटर.
त्याभोवती रेघ, मैदा.
तिच्याभोवती रेघ, अंडं.
चौथी रेघ त्यानं सरळ काढलीच नाही,
करवतीच्या पात्यासारखी काढली, दात बाहेर,
बाण करून लिहिलं ब्रेड
आणि तोंडानं आवाज केला: साकु, साकु.
दुभाषा जेवायला गेला होता.
त्याची गरज पडली नाही.

हॅम तेव्हा आम्हाला ठाऊक कुठलं.
शालननं रताळ्याच्या कापा तळून दिल्या.
सहा खाल्ल्या साहेबांनी, उठून कमरेत वाकले,
तशी ही पण गडबडून वाकली, हातात झारा.

परवा शाहूपुरीत
फ्रोजनच्या दुकानात पाकीट दिसलं.
घरी आणून व्हर्निअर लावला,
(रिटायर झालो तरी तो खिशातच असतो)
एक पॉइंट दोन.
तीन चकत्या एकावर एक, तरी कमीच भरतंय,
मधे चीज घातलं, फिलर म्हणून.
"डुकराचं? माझी कढई मिळणार नाही."
बरं.
गॅलरीत जुनी शेगडी, पोरांच्या सहलीची पातेली.

ब्रेड दोन दिवस वाळवलेला, किसणीवर किसला.
मिक्सर नको.
बारीक वाळू भरली की साचा श्वास घेत नाही,
हे मला कुणी शिकवायला नको,
दाणा जाड पाहिजे,
आतल्या वाफेला वाट पाहिजे.
तेलात चुऱ्याचा एक कण टाकला:
निम्म्यापर्यंत बुडाला, वर आला, फिरायला लागला.
आता.

पहिला तुकडा फुटला.
अंगरखा फेकावा तसं सगळं आवरण बाजूला,
तेल मनगटावर, चीज तळाला, काळं.

हॅम ओलं होतं.
ओल्या साच्यात लोखंड ओतायचं नाही,
चाळीस वर्षं पोरांना ओरडून सांगितलं,
एकाला तर कानाखाली दिली होती, नलवड्यांच्या बाजीरावाला,
आज त्याची स्वतःची फाउंड्री आहे कागलला.
बरं झालं तो इथं नव्हता.

शालन दारात.
मनगटाकडं बघितलं, पातेल्याकडं बघितलं.
"हे असलं पातळ बूड. ह्यात काय तळतंय?
सरका तिकडं. मी बघतो."
आणि आतनं आणली
तिची कढई.

मग तिनं चकत्या पंचावर टिपल्या,
पापड वाळत घालावेत तशा मांडल्या,
मैदा झटकला. मी अंड्यात बुडवायचो,
ती चुरा दाबायची,
तळहातानं, न बोलता, कडेपर्यंत.
तेल बघायचं काम मात्र माझ्याकडंच राहिलं.
रंग मला कळतो:
भट्टीतला कळायचा, हा पण कळला.
उतरवायचं ते मनातल्या रंगाच्या जरा आधी,
राहिलेलं काम ताटात आपोआप होतं.

सुरी मधोमध चालवली.
तो आवाज.
दोघांनी एकमेकांकडं बघितलं.
ड्रॉइंग शेजारी ठेवून ताडून पाहिलं:
गुलाबी, पिवळं, गुलाबी, पांढरी नाजूक रेघ,
आणि बाहेर दात.

"मी नाही खात," म्हणत तिनं एक कोपरा मोडला.
चावली. थांबली.
आत जाऊन खर्ड्याची वाटी घेऊन आली.

मोरितासाहेब आता कुठं, आहेत की नाहीत, ठाऊक नाही.
कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी आखलेला चौकोन
तीस-बत्तीस वर्षं रिकामाच आहे.
मी लिहिलं, रिव्हिजन एक: हिरव्या मिरचीचा खर्डा, शेजारी.
तपासणाऱ्याची सही?
तिनं कागद ओढून घेतला, बघायला नुसता,
आणि तेलकट अंगठा
बरोब्बर तिथंच पडला.

"राहू दे," मी म्हणालो, "पुसू नको."
"पुसतोय कोण," ती म्हणाली,
"अजून किती चकत्या आहेत पाकिटात?"